घाम आला नाही, तरी साखर उतरलेली असू शकते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या मधुमेहाविषयी वर्तमानपत्रांत जेव्हा काही छापून येते, तेव्हा रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे बहुधा एका ओळीत दिलेली असतात: घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, चेहरा पांढरा पडतो, सपाटून भूक लागते. ही यादी खोटी नाही आणि ती छापणाऱ्यांचा हेतूही चांगलाच असतो. परंतु ती वाचणाऱ्या शिक्षकांच्या, शेजाऱ्यांच्या, आजी-आजोबांच्या मनात नकळत एक समजूत घर करते, की साखर उतरली तर मूल तसे दिसेलच आणि तसे दिसत नसेल तर साखर उतरलेली नाही. टाईप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या बाबतीत ही समजूत धोक्याची आहे, आणि आजार जितका जुना होत जातो तितका हा धोका वाढतो. तो का वाढतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला पाचव्या वर्षी हा मधुमेह झाला, ती आता अकरा वर्षांची आहे, आणि या सहा वर्षांत जे वाचले, तिच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि घरात जे पाहिले, त्याच्या आधाराने हे लिहीत आहे.

दीड वर्षापूर्वीची एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ती गणिताचा गृहपाठ करत होती. एरवी ती गुणाकार नेटके मांडते. त्या दिवशी अंक रेघेखाली घसरत चालले होते आणि एकाच गणितातला हातचा तिने तीनदा खोडून तीनदा तोच लिहिला होता. मी काही विचारायला गेले तर ‘मला येतंय, तू जा ना’ असे ती फटकन बोलली. मी तिचा हात धरून पाहिला. तो कोरडा होता, ऊबदार होता, बोटे स्थिर होती. त्यामुळे साखरेची शंका मी मनातून काढून टाकली, उद्धटपणाबद्दल तिला चार शब्द सुनावले आणि आत निघून गेले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा ती पेन्सिल हातात धरून वहीकडे नुसती बघत बसली होती. बोट टोचून पाहिले, तर ग्लुकोमीटरवर ४६ दिसले. ‘तुला काही होतंय का गं?’ या प्रश्नाला तिचे उत्तर होते, ‘नाही, काहीच नाही.’ ती लपवत नव्हती. तिला खरोखरच काही जाणवत नव्हते. आजही मला सर्वांत अधिक बोचतात ते तिला सुनावलेले चार शब्द.

निरोगी शरीरात साखर उतरू लागली की तिला सावरणारी संप्रेरके, म्हणजे आपण ज्यांना हार्मोन्स म्हणतो ती, एकामागून एक कामाला लागतात. साखर ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास आली की स्वादुपिंड सर्वांत आधी इन्सुलिनचा पुरवठा आखडता घेते. ती आणखी उतरून ७० च्या खाली जाऊ लागली की ग्लुकॅगॉन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि यकृताला त्याने साठवलेली साखर मोकळी करायला लावते. त्याच सुमारास मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनालिन येते. तेही यकृताकडून साखर काढून घेते, आणि स्नायूंनी ती वापरू नये म्हणून त्यांना आवर घालते. वाढीचे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल हे दोघे सावकाश येतात आणि त्यांचे काम काही तास चालते. इतके सगळे करूनही साखर ५५ च्या जवळ पोहोचली, तर घाम, थरथर, भूक ही लक्षणे जाणवू लागतात, आणि ५० च्या खाली मेंदूच्या कामात स्पष्ट अडथळा येऊ लागतो. हे आकडे माणसागणिक थोडे पुढे-मागे होतात, पण क्रम हाच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की निरोगी माणसाला लक्षणे जाणवतात तोवर पडद्यामागचे बरेचसे काम होऊन गेलेले असते, आणि म्हणूनच त्याच्यावर ती वेळ क्वचितच येते.

टाईप वन मधुमेहात या रचनेतला पहिलाच दुवा तुटलेला असतो. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने नष्ट केलेल्या असतात, आणि मुलाच्या अंगात असलेले इन्सुलिन बाहेरून टोचलेले असते. टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. साखर ६० झाली काय किंवा ४० झाली काय, त्वचेखालून ते आपल्या गतीने रक्तात येतच राहते. दुसरा दुवा ग्लुकॅगॉनचा, आणि इथली गोष्ट मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी थक्क झाले. ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी या मुलांच्या स्वादुपिंडात जिवंत असतात. प्रथिने खाल्ली की त्या ग्लुकॅगॉन सोडतातही. पण साखर उतरल्यावर ते सोडण्याची त्यांची क्षमता आजार सुरू झाल्यापासून पहिल्या काही वर्षांतच जाते. शेजारच्या बीटा पेशींकडून येणारे इन्सुलिन एकाएकी घटणे हा त्यांच्यासाठी जागे होण्याचा इशारा असतो, असे मानले जाते. बीटा पेशीच उरल्या नाहीत, तर हा इशारा कोण देणार? शेजारी गेला आणि त्याच्याबरोबर निरोपही गेला. मग साखर सावरण्याचा जवळजवळ सगळा भार एकट्या ॲड्रेनालिनवर येऊन पडतो.

मुलांच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे, ती सांगितलीच पाहिजे. येल विद्यापीठातील संशोधकांनी १९८७ आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की साखर उतरल्यावर मुलांमध्ये ॲड्रेनालिन मोठ्या माणसांपेक्षा अधिक जोराने येते आणि साखरेचा आकडा बराच वर असतानाच येते. ज्या मुलांची साखर महिनोन् महिने चढी असते, त्यांच्यात तर हा उंबरठा इतका वर सरकतो की साखर सामान्य असतानाही त्यांना कापरे भरू शकते. अशा मुलाने ‘मला लो वाटतंय’ म्हणावे, मोजल्यावर आकडा चांगला यावा आणि मोठ्यांनी त्याला खोटारडे ठरवावे, असे प्रसंग मी मधुमेही मुलांच्या पालकांकडून वारंवार ऐकले आहेत. त्या मुलाला जाणवते ते खरे असते. त्याचे शरीर चढ्या साखरेला सरावलेले असते आणि ती थोडी खाली आली तरी घाबरते. त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवून साखर मोजणे, हेच त्याला उत्तर.

नेमका याच्या उलट प्रकार ज्या मुलांची साखर वारंवार उतरते त्यांच्यात घडतो. एकदा साखर उतरून गेली की पुढच्या वेळी शरीराचा प्रतिसाद बोथट होतो. हे मधुमेहापुरतेच मर्यादित नाही. सायमन हेलर आणि फिलिप क्रायर यांनी १९९१ मध्ये निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात दुपारी एकदाच साखर उतरवली होती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उतरवल्यावर ॲड्रेनालिनही कमी आले आणि लक्षणेही कमी जाणवली. टाईप वन मधुमेहात, जिथे ॲड्रेनालिनखेरीज फारसे काही उरलेलेच नसते, तिथे याचा अर्थ किती गंभीर आहे हे वेगळे सांगायला नको. सोमवारी साखर उतरली, तर मंगळवारी तिचा इशारा क्षीण होतो. इशारा क्षीण म्हणून ती पुन्हा उतरते, आणि बुधवारी इशारा आणखी क्षीण होतो. आमच्या घरी त्या गृहपाठाच्या संध्याकाळच्या आधीच्या आठवड्यात मुलीची साखर चार वेळा ६० च्या खाली गेली होती. प्रत्येक वेळी आम्ही ती वर आणली आणि संकट टळले म्हणून निश्चिंत झालो. ते चार प्रसंग तिच्या अंगातली धोक्याची घंटा बंद करत आहेत, हे आम्हाला त्या वेळी कुणी सांगितले असते, तर आम्ही डोस कमी करायला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला असता.

दिलासा असा की ही घंटा पुन्हा वाजती करता येते. साखर दोन-तीन आठवडे कटाक्षाने उतरू दिली नाही, तर लक्षणांची जाणीव बऱ्याच अंशी परत येते, हे १९९० च्या दशकात वेगवेगळ्या संशोधकांनी दाखवून दिले. ॲड्रेनालिनचा जोर पूर्ववत होतोच असे नाही, आणि हरवलेले ग्लुकॅगॉन तर परत येत नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी लक्ष्याचे आकडे काही काळ मुद्दाम वर ठेवले. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती स्वतःहून म्हणाली, ‘आई, माझे गुडघे हलतायत.’ आकडा ६६ होता. थरथरत्या गुडघ्यांचा इतका आनंद एखाद्या आईला कधी झाला असेल, असे मला वाटत नाही.

ॲड्रेनालिन आलेच नाही, तर बाहेरच्या माणसाला काय दिसते? तेव्हा दिसते ते उपाशी मेंदूचे वागणे. मूल हट्ट करते, किरकिरते, विनाकारण रडते किंवा हसते, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देते, अक्षर बिघडते, नजर एका जागी थांबते, चालताना तोल जातो, पेंग येते. लहान मुलांचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा आणि साखरेचा मोठा गिऱ्हाईक असतो, शिवाय दोन-तीन वर्षांच्या मुलाला आपल्याला काय होते आहे हे सांगता येत नाही. ही सगळी लक्षणे स्वभावाची वाटतात, आजाराची वाटत नाहीत, आणि म्हणून मुलाला मदत मिळण्याऐवजी बोलणी बसतात. मी स्वतः तेच केले. शाळेत एका शिक्षिकेनेही तेच केले: मुलीने चाचणी चालू असताना साखर तपासण्याची परवानगी मागितली, तेव्हा ‘घाम तर आलेला दिसत नाही, आधी पेपर पूर्ण कर’ असे उत्तर तिला मिळाले. त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांनीही वर्तमानपत्रातली तीच यादी वाचलेली होती आणि त्या यादीप्रमाणेच त्या वागल्या.

रात्रीविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. अनेक पालक रात्री उठून मुलाच्या कपाळाला, मानेला हात लावून पाहतात आणि अंग कोरडे लागले की निर्धास्त होऊन झोपतात. मीही काही वर्षे हेच करत होते. येल विद्यापीठातच झालेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या सवयीला आधार देत नाही. त्यात किशोरवयीन मुलांची साखर जागेपणी आणि गाढ झोपेत सारखीच उतरवून पाहिली. झोपेत ॲड्रेनालिनचा प्रतिसाद फारच मंद होता, आणि तो मधुमेह नसलेल्या मुलांतही मंदच होता. निरोगी मुलाकडे रात्री ग्लुकॅगॉन आणि स्वतःचे इन्सुलिन आवरते घेण्याची सोय असते. मधुमेही मुलाकडे ती नसते, आणि जे एकमेव हत्यार उरलेले आहे तेही झोपेत म्यान होते. त्यात दिवसभराच्या खेळाची भर पडते. पळापळ, पोहणे, सायकल यांनी रिकामी झालेली स्नायूंतील साखर रात्रभर भरून निघत असते. दुपारी व्यायाम केलेल्या किशोरवयीन मुलांच्या शरीराची साखरेची गरज व्यायामानंतर लगेच आणि पुन्हा ७ ते ११ तासांनी वाढते, असे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांना २००७ मध्ये आढळले. म्हणजे दुपारच्या सामन्याची किंमत मूल गाढ झोपेत असताना, मध्यरात्रीच्या आसपास चुकती करावी लागते. खेळ बंद करणे हा त्यावरचा उपाय मुळीच नाही. खेळलेल्या दिवशी झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्रीनंतर एकदा साखर मोजणे, आणि त्या रात्रीच्या इन्सुलिनविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवणे, इतके मात्र करता येते.

सकाळच्या चढ्या साखरेबद्दल पालकांमध्ये एक जुनी समजूत फिरते. रात्री साखर उतरली असणार, मग कॉर्टिसॉल, वाढीचे संप्रेरक वगैरे धावून आली असणार आणि त्यांनी ती सकाळपर्यंत वर नेऊन ठेवली असणार, ही ती समजूत. मायकेल सोमोग्यी यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेवरून सकाळचा आकडा चढा दिसला की रात्रीचे इन्सुलिन कमी करण्याचा सल्ला दिला जाई. अंगावर लावलेले, सतत साखर मोजणारे सेन्सर आल्यापासून रात्रभराचे आकडे डोळ्यांसमोर येतात, आणि रात्री साखर उतरलेल्या मुलांची सकाळ बहुधा चढी नसते असे त्यांतून दिसते. रात्री झोपेत सुटलेल्या वाढीच्या संप्रेरकाचा परिणाम पहाटे जोरात असतो, विशेषतः वयात येणाऱ्या मुलांमध्ये, आणि इन्सुलिन अपुरे पडते. सकाळचा चढा आकडा बहुतेकदा त्यातून येतो. अंदाजाने डोस बदलण्यापेक्षा रात्री २-३ वाजताचा आकडा पाहावा.

कॉर्टिसॉलचा उल्लेख आलाच आहे, तर एक सूचना पालकांसाठी. टाईप वन मधुमेहाबरोबर काही मुलांत अधिवृक्क ग्रंथींनाही प्रतिकारयंत्रणेचा फटका बसतो आणि कॉर्टिसॉल कमी पडू लागते. हे फार थोड्यांच्या बाबतीत घडते, पण कारण सापडत नसताना साखर वारंवार उतरत असेल, इन्सुलिनची गरज घटत चालली असेल आणि मूल थकलेले, वजन उतरलेले दिसत असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावा.

साखर ७० च्या खाली गेल्यावर काय करायचे, हे पुष्कळांना माहीत असते, पण प्रमाण माहीत नसते. मुलाच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.३ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ९ ग्रॅम, ५० किलोच्या मुलाला १५ ग्रॅम. मग १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि आकडा वर आला नसेल तर तितकेच पुन्हा द्यायचे. चॉकलेट हाताशी असते म्हणून तेच दिले जाते, पण त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे, ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन जवळ असेल तर द्यावे, २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक वजनाच्या मुलाला एक मिलिग्रॅम, आणि त्याच वेळी तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. ग्लुकॅगॉन मिळाल्यावर मुलाला उलटी होऊ शकते, त्यामुळे शुद्धीवर आल्यावरही त्याला एकटे सोडू नये. हे इंजेक्शन म्हणजे अल्फा पेशींनी सोडायला हवे होते आणि सोडले नाही, तेच संप्रेरक. ते यकृतातील साठ्यावर चालते. म्हणून मूल दिवसभर जेवलेले नसेल किंवा उलट्यांनी गळून गेलेले असेल, तर त्याचा परिणाम कमी होतो, आणि अशा वेळी रुग्णालय गाठण्यात एक मिनिटही दवडू नये.

सतत साखर मोजणारे सेन्सर आणि त्यांच्याशी जोडलेले इन्सुलिन पंप यांच्याकडे केवळ सोय म्हणून पाहिले जाते, तेव्हा मला वाईट वाटते. साखर उतरण्याच्या बेतात आहे हे ओळखून जो पंप इन्सुलिन थांबवतो, तो निरोगी स्वादुपिंडाचे सर्वांत पहिले काम करत असतो, आणि सेन्सरचा भोंगा मुक्या झालेल्या ॲड्रेनालिनच्या जागी बोलत असतो. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजतो, त्यामुळे झपाट्याने उतरणाऱ्या साखरेमागे तो काही मिनिटे राहतो. आकडा आणि मूल यांचा मेळ बसत नसेल, तर बोट टोचून खात्री करावी. ज्या घरांना ही साधने परवडत नाहीत, तिथे स्ट्रिप आणि सुई यांच्यावरच सगळी मदार आहे, आणि त्या घरांतल्या मुलांना शाळेत, शिकवणीत, मैदानावर हवे तेव्हा साखर मोजू देणे हे तर आणखीच आवश्यक आहे.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. यापुढे आपल्या आरोग्य पुरवणीत साखर उतरल्याच्या लक्षणांची यादी छापली जाईल, तेव्हा तिच्या वर, ठळक अक्षरांत, दोन ओळी छापाव्यात: मधुमेही मुलाचे वागणे नेहमीसारखे वाटत नसेल, तर घामाची किंवा थरथरीची वाट न पाहता लगेच साखर मोजावी. मोजण्याचे साधन जवळ नसेल आणि मूल शुद्धीवर असून त्याला नीट गिळता येत असेल, तर साखर उतरलीच आहे असे धरून ग्लुकोज द्यावे. नेमके उलटे निघाले आणि साखर मुळातच चढी असली, तर तेवढ्याशा ग्लुकोजने ती काही वेळ आणखी चढेल आणि पुढच्या डोसला ती सावरता येईल.

आपली विश्वासू,
एका मधुमेही मुलीची आई